आईचा माईक

कार्यक्रम संपला आणि आईची नणंद विंगेत येऊन म्हणाली, "वहिनी, दिसलात झकास! पण तुमचा ढोलक काही ऐकू आला नाही बाई. पहिल्या रांगेत बसले होते, तरी!"

नणंदेच्या जिभेला हाड नव्हतं हे खरं, पण कान शाबूत होते. आई तडक साउंडवाल्याकडे गेली. त्याने आधी वायरी गुंडाळायचं नाटक केलं, मग आवाजाच्या मिक्सरवरच्या एका सरकत्या बटणाकडे बोट दाखवलं. ते तिच्या माईकचं होतं, आणि पार तळाला, आवाज बंद.

"आजच?"

"पहिल्या कार्यक्रमापासून, काकू. दादानेच सांगितलंय."

दादा म्हणजे तिचाच लेक, कोंगा नावाचा उंच ढोल वाजवणारा, बँडचा प्रमुख. 'लॅटिन ताल आणि आईचा ढोलक' अशी जाहिरात करून त्याने नाव कमावलं होतं. पोस्टरवर ट्रम्पेटवाल्यापेक्षा हिचाच फोटो मोठा. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटं सुजेपर्यंत वाजवलं ते काय शोभेची बाहुली म्हणून?

लेक मागच्या खोलीत कोंगा पुसत होता, शेजारी ट्रम्पेटवाला सामान आवरत होता.

"माझा माईक का बंद ठेवतोस?"

त्याचा चेहरा पडला. "आई, त्या दोन लाकडी दांड्यांचे ठोके असतात ना, आधी तीन, मग दोन? सगळा बँड त्यांना धरून चालतो. तू नेमकं उलटं धरतेस, आधी दोन, मग तीन. ते ऐकू गेलं तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतील."

"मग सांगायला जीभ झडली होती?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता काय, आनंदाने नाचू? लहानपणी तू ताल चुकलास की मी धपाटा घालायचे. का? पोरगं शिकेल, अशी खात्री होती म्हणून. माझ्याबद्दल तुला तेवढीही खात्री वाटली नाही!"

लेकाने हातातला फडका खाली ठेवला. ट्रम्पेटवाला हळूच बाहेर सटकला. आईने ढोलकाची खोळ ओढून काढली आणि खाली बसकण मारली.

"घे त्या दांड्या."

त्याने ठोके धरले. तिने हात टाकला. थोडा वेळ वाजवून ती थांबली. "चुकलं?"

"थोडंसं..."

"नीट सांग!"

"चुकलं, आई. सगळं उलटं."

तिला झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने रागानेच पुसलं.

"हे तेव्हाच बोलायचं होतंस, मेल्या," ती म्हणाली. "वाजव परत."