वंशावळीत नसलेल्या बायका

आमच्या सुनेचे, लतिकाचे, लागोपाठ दोन गर्भ गेले तेव्हा आमचे हे म्हणाले, "आपल्या घराण्यात असलं काही नाही." मीही शहाणी, लतिकाला म्हटलं, "माहेरी विचार हं जरा." खोटं कशाला बोलू, म्हटलंच तसं.

डॉक्टरीणबाईंनी आमच्या मुलाचं, उल्हासचं, आणि लतिकाचं रक्त घेतलं आणि घराण्याची माहिती मागितली. झालं! यांच्या अंगात आलं. छापील कुलवृत्तांत छातीशी धरून दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारहून मेट्रोनं निघाले, मागोमाग मी. अकरा पिढ्या! बाईंनी पानं उलटली. "अंकल, इसमें औरतें कहाँ हैं?"

नव्हत्याच. नुसते मुलगे. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग मीच पुढे सरकले. "लिखिए. माझ्या आईचे तीन गेले. बहिणीचे, हेमलताचे, दोन. उल्हासच्या आधी माझा एक." इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं हो!

माझंही रक्त घेतलं. रिपोर्ट आले. लतिकाची गुणसूत्रं अगदी ठणठणीत. उल्हासच्या दोन गुणसूत्रांनी मात्र आपापले तुकडे अदलाबदल केलेले, आणि ते आलं माझ्याकडून. काही हरवलेलं नाही म्हणून आम्ही मायलेक धडधाकट. पण बाळाकडे बदललेलं एकच गुणसूत्र गेलं, तर गर्भ बहुतेक टिकत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकले गं," मी लतिकाला म्हटलं. "उगाच तुला बोल लावला."

"आई, तुमचा गेला तेव्हा तुम्हाला कुणी सॉरी म्हटलं होतं?"

कुणीच नाही. दोघी मनसोक्त रडलो.

पुन्हा दिवस राहिले. सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासायला दिलं. रिपोर्टला तीन आठवडे लागणार होते. यांनी देव पाण्यात घातलेले. मी भाजीत दोनदा मीठ घालायची, अन् कुणी हूं की चूं करायचं नाही.

एका दुपारी फोन वाजला. लतिकानं स्पीकर लावला. "बच्चे में भी वही अदला-बदली है. पर पूरी की पूरी. कुछ कम नहीं, कुछ ज़्यादा नहीं. बिल्कुल ठीक है!"

लतिका माझ्या गळ्यात पडली. "आई, बाळ तुमच्यावर गेलंय!"

माझ्यावर! मी हसू की रडू, दोन्ही एकदमच सुरू झालं.

"अरे देवा," हे डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे असंच हट्टी निघणार."

"निघू दे, बाबा," लतिका म्हणाली. "टिकून तर राहील."