माझे चौसष्ट टक्के

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि तोंड वर करून सांगावं असं माझ्याकडे फारसं काही नाही. तरी सांगतो.

इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या एका ऑफिसात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथून मला काढलं तेव्हा यतीनने हौसेने घरी आणलं, माझ्यात लिनक्स हे नवं ऑपरेटिंग सॉफ्टवेअर घातलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो माझं कौतुक सांगू लागला. "अजून ठणठणीत आहे गडी!" ऐकून मी हरखून जायचो.

मग यतीन आणि निवेदिताच्या लेकीचं बारसं ठरलं. बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा. पण आत्या, म्हणजे यतीनची थोरली बहीण श्यामला, नागपुरात. त्यांना व्हिसा वेळेत मिळालाच नाही. म्हणून त्या व्हिडिओ कॉलवर माझ्यातून नाव सांगणार होत्या. मला पाळण्याशेजारी स्टुलावर ठेवलं. पडद्यावर श्यामलाताई नथ घालून केव्हाच्या तयार बसल्या होत्या.

"अरे, चार्जर लाव नं त्याला," त्या म्हणाल्या.

"वायरीत कुणाचा तरी पाय अडकेल, ताई. आणि चौसष्ट टक्के आहे, डोन्ट वरी!" यतीन म्हणाला.

चौसष्ट मीच दाखवत होतो. ताई पडद्याजवळ वाकल्या, "कुर्रर्र" म्हणाल्या, आणि मी बंद पडलो. नाव त्यांच्या ओठांतच राहिलं. "मुहूर्त टळतोय गं बाई," म्हणत कॉव्हेंट्रीहून आलेल्या मधुमतीकाकूंनी ते सांगून टाकलं: पूर्वी.

फोन लागला तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "झालं का? बरं झालं." यतीन म्हणाला, "नेट गेलं गं." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर ताईंचे फोन कमी झाले.

यतीनने सगळा राग लिनक्सवर काढला. मला पुसून त्याने ते नव्याने घातलं, तरी मी तसाच मध्येच बंद पडायचो. शेवटी एका रविवारी त्याने माझे आकडे नीट वाचले आणि कपाळाला हात लावला. "अगं निवेदिता, बॅटरी इतकी जुनी, आणि हा अजून नव्याइतकीच ताकद सांगतोय!"

माझ्या पोटात कारखान्यातच बसवलेला एक छोटा प्रोग्रॅम आहे, त्याला फर्मवेअर म्हणतात. बॅटरीचा हिशेब तोच ठेवतो. तो मुळातच चुकीचा होता. लिनक्स बिचारं त्याने दिलेला आकडा दाखवत होतं. माझं म्हातारपण मीच लपवत होतो, मित्रांनो, आणि शिव्या दुसऱ्याला बसत होत्या.

यतीनने सुधारलेलं फर्मवेअर घातलं, बॅटरी एकदा पूर्ण भरून उतरवली, आणि मग ताईंना माझ्यावरूनच फोन लावला.

"ताई, नेट नव्हतं गेलं. तू सांगत होतीस, मीच चार्जर लावला नाही."

ताई नाक पुसून म्हणाल्या, "पोरीला आण इकडे."

निवेदिताने पूर्वीला माझ्या स्पीकरशी धरलं. मी अकरा टक्के दाखवत होतो, लाल रंगात, सगळ्यांसमोर. लाज वाटली, पण अकरा म्हणजे खरोखरच अकरा होते. यतीन चार्जर घेऊन धावला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या बढाईवर विसंबू नका. अधूनमधून आमची तब्येत तपासत जा, आम्ही थकलोय असं कळलं तर वायर लावा. आणि तुमचं चुकलं तर नेटवर ढकलू नका.

"कुर्रर्र," ताई म्हणाल्या, आणि या वेळी पुढचं नावही पूर्वीच्या कानात पोचलं.