पाकिटावरची चिकटपट्टी

भूगोलाच्या बाईंनी बावीस वर्षं परीक्षेच्या वर्गांवर पहारा केला होता. पण प्रश्नपत्रिकांचं असं पाकीट हातात येण्याची ही पहिलीच वेळ. आधीची चिकटपट्टी ब्लेडने कापून तिच्यावर दुसरी बेमालूम बसवलेली होती.

त्यांनी केंद्रप्रमुखांना बोलावलं. "सर, हे आधीच फोडलंय."

सरांनी पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "घड्याळ बघा, बाई. मुलं खोळंबलीत. 'सील शाबूत' लिहा आणि करा सही."

साक्षीदार म्हणून पुढच्या बाकावरच्या दोघा मुलांनी अहवालावर केव्हाच सह्या ठोकल्या होत्या. बाईंनीही केली.

तीन तासांचा गणिताचा पेपर, पण ना कुणी डोकं खाजवलं, ना कुणी पेन चावलं. सगळे हात एकाच चालीने ओळी उतरवत होते. पानंसुद्धा एकदमच उलटली. खिडकीजवळची एकच मुलगी ओठ हलवत प्रश्न वाचत होती, खाडाखोड करत होती. तासाभरात बाकीच्यांनी पेनं खाली ठेवली आणि ते तिच्याकडे बघत बसले.

तिने हात वर केला. "बाई, सगळ्यांचं झालं. मीच एवढी ढ आहे का हो?"

"नाही गं. तू लिही."

शेवटची घंटा झाल्यावर बाईंनी अहवालावरची आपली सही खोडली आणि खाली लिहिलं, 'पाकीट आधी उघडलेलं होतं.'

केंद्रप्रमुखांनी ते सावकाश वाचलं. आता आरडाओरडा होणार असं वाटलं, पण ते हसले. "जशी तुमची मर्जी." कागदाची घडी घालून त्यांनी खिशात टाकली.

फाटकाबाहेर येताच बाईंनी परीक्षा मंडळात फोन लावला. पलीकडच्या माणसाने त्यांचं नाव, पत्ता, घरचा फोन नंबर, घरी कोण कोण असतं, सगळं उतरून घेतलं. तक्रार काय, ते मात्र धड ऐकलंही नाही.

घरी त्यांची मुलगी पुस्तक उघडून बसली होती. तीही याच परीक्षेला, दुसऱ्या केंद्रावर. उद्या तिचा पुढचा पेपर.

"आई, मंडळातून फोन होता. माझा बैठक क्रमांक विचारत होते."

"मग?"

"दिला की. किती गोड बोलले! म्हणाले, उद्या तुझ्यावर आमचं खास लक्ष राहील."

बाई चपला न काढताच दारात खाली बसल्या.