म्हातारीच्या पायथ्याचा पहारा

बायकोची, एफीची, शवपेटी उचलायच्या आधीच फार्करनं सांगून टाकलं, "लांबच्या वाटेनं जायचं नाही. म्हातारीवरून जायचं."

बाकीचे सातही खांदेकरी एकमेकांकडे बघायला लागले. त्याचा धाकटा भाऊ इवर तर भडकलाच. "दादा, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? या दिवसांत त्या डोंगरावर बकरी चढत नाही, आणि आपण पेटी घेऊन चढायचं?"

"पलीकडच्या खोऱ्यात लाखलनच्या घरी मयत झालंय. फेरीवाला काल सांगून गेला. तेही आजच निघणार. त्यांची वाट सपाट, आपल्याला सोळा मैलांचा वळसा. सांग बघू, आधी कोण पोहोचेल?"

इवर दोर आणायला गेला.

दोन्ही खोऱ्यांची दफनभूमी एकच, त्या म्हातारी डोंगराच्या पायथ्याला, सरोवराकाठी. आणि तिथला कायदा लेकराबाळांनाही पाठ होता. जो सगळ्यात शेवटी पुरला गेला, त्यानं फाटकाशी पहारा करायचा, पुढचं मयत येईपर्यंत. पुढचं मयत फाटकाच्या आत आलं की पहिला सुटला, मग पेटी असो नसो. एरवी त्यात एवढं काही नव्हतं. माणसं मरतच असतात. चार-सहा महिन्यांत बदली मिळायचीच. पण आता जमीनदाराला मेंढ्या हव्या होत्या, माणसं नको होती. दोन्ही खोरी रिकामी करायचा हुकूम सुटला होता. मंगळवारी कॅनडाचं जहाज लागणार आणि झाडून सगळे त्यात चढणार. आज जो मागून पुरला जाईल, त्याला सोडवायला नंतर कोण येणार होतं? मेंढ्या?

आणि एफी एकटेपणाला भ्यायची. चाळिशी उलटली तरी अंधारात गोठ्यात जायची वेळ आली की म्हणायची, "फार्कर, जरा दाराशी उभा राहा ना." तो करवादायचा, पण उभा राहायचा. तिला आता त्या फाटकाशी युगानुयुगं एकटं कसं ठेवायचं?

"लाखलन नव्वदीचा थेरडा," तो म्हणाला. "कधीपासून अंथरुणाला खिळलेला. जन्मात कुणाच्या बापाला भ्याला नाही. करू दे की त्याला पहारा. येणाऱ्याजाणाऱ्यावर वसवसायला तेवढंच निमित्त."

वर जायला एक जुनी चोरवाट होती. फार्करचा आजा पलीकडची गुरं लांबवून त्याच वाटेनं आणायचा. पुढे राजाच्या फौजेशी लढाई हरल्यावर लाल डगल्यांच्या शिपायांना चुकवत तो तिथल्याच कपारीत अकरा दिवस पावसाचं पाणी पिऊन पडून होता. त्यानंतर सत्तर वर्षांत तिकडे कोणी फिरकलं नव्हतं.

खालचा चढ झुडपांचा, तो निभला. मग सुटे दगड लागले. एक पाऊल पुढे टाकावं तर दोन पावलं खाली घसरावं! पेटीला दोर बांधून चौघांनी वर ओढली, चौघांनी खालून रेटली. खांदे सोलून निघाले. खिंडीपाशी पोहोचले तेव्हा दुपार होती, आणि तेवढ्यात धुकं असं उतरलं की पुढच्या माणसाची पाठसुद्धा दिसेना. पलीकडे उतरायला फळीएवढा कंगोरा, आणि डाव्या हाताला नुसता कडा.

"थांबा," इवर कुजबुजला. "पुढे कोणीतरी आहे."

सगळ्यांनीच ऐकलं. कोणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, मग एकदा लांब, छातीतून ओढून काढलेलं. तो खोकला अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होता. नील शिंप्याचा. नीलला वसंतात पुरलं होतं, आणि त्याच्यानंतर कोणी मेलं नव्हतं.

नाव कोणी घेतलं नाही. अशा वेळी नाव घेत नसतात. फार्कर एवढंच म्हणाला, "बदली आली का बघायला आलाय. चला."

तो पुढे खोकत गेला आणि हे आठजण मागोमाग. एकदा फार्करला धुक्यात वाटलं, डावीकडे कंगोरा जरा रुंद आहे. पाय टाकला आणि खालचा दगड निसटला. तो खाली पडल्याचा आवाज काही येईना. पेटी कलली. आता गेलीच, असं वाटलं तोच पुढच्या बाजूचं ओझं एकदम हलकं झालं. फार्करच्या गालाला एक गार बाही घासून गेली. ओल्या लोकरीचा वास आला, आणि दोऱ्याला लावायच्या मेणाचा. आपल्या शेजारी नववा खांदा कोणाचा, हे बघायला त्यानं मान वळवली नाही. तुम्हीही वळवली नसती.

धुक्यातून बाहेर पडले तेव्हा खाली सरोवर होतं, आणि दफनभूमीत चिटपाखरू नव्हतं. फार्कर जवळजवळ धावलाच. एफीची पेटी फाटकातून आत गेली आणि खोकला थांबला.

खड्डा खणला, प्रार्थना झाली, माती लोटली. व्हिस्कीची बाटली फिरली. फार्करनं मातीवर हात ठेवला. "झोप आता बिनघोर," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. जिंकल्याचं रडू होतं ते, लपवायचं कशाला?

तासाभरानं पलीकडची मंडळी आली. तीनच माणसं. पुढे लाखलनचा मुलगा टॉर्मोड, आणि पेटी त्याच्या एकट्याच्या कडेवर.

फार्कर उभा राहिला. "टॉर्मोड, तुझा बाप...?"

"आबा? आबा तर ऑगस्टातच ताईकडे ग्लासगोला गेले." टॉर्मोडचा आवाज अगदी साधा होता. "ही शीलस. आमची धाकटी. पाच पूर्ण व्हायला आठवडा होता. घटसर्प झाला." ताज्या मातीकडे त्याची नजर गेली. त्यानं नुसती मान हलवली. "आम्ही सावकाश आलो. तिला हिसके बसायला नको म्हणून."

फार्करला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कोण मेलं, एवढं एक विचारायला फेरीवाल्यापाशी थांबला असता तर? पण त्याला थेरडाच मेलेला हवा होता.

शीलसला पुरलं. टॉर्मोड दोनदा फाटकापर्यंत गेला आणि दोनदा परत आला. शेवटी त्याच्या माणसांनी त्याला दंडाला धरून नेलं. फाटकाच्या दांड्या धुक्यानं ओल्या झाल्या होत्या. सगळ्यात खालच्या दांडीवरचा ओलावा मात्र दोन जागी पुसला गेला होता, चिमुकल्या तळहातांएवढा. टॉर्मोडला ते दिसलं नाही. फार्करला दिसलं.

"दादा, चल. अंधाराच्या आत निम्मा तरी वळसा उरकायचाय," इवर म्हणाला.

"तुम्ही निघा."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारीही तुम्ही निघा."

"वेडा झालास? जमीनदाराची माणसं छप्पर जाळतील. खाशील काय? या थंडीत मरशील इथं!"

"तेच म्हणतोय मी," फार्कर म्हणाला आणि फाटकाला आतल्या बाजूनं टेकून बसला.

इवरच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तो भावासमोर गुडघ्यांवर बसला. "आणि दादा, तुला कोण सोडवेल?"

"ते मग बघू," फार्कर म्हणाला. "आधी या पोरीला मोकळं करू."