आल्टोतल्या चौघी

जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावच्या चर्चमधल्या कॉयरमध्ये मी आल्टो गाते, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज. दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून डोकं आंबतं, त्यामुळे मंगळवारची तालीम म्हणजे माझा जीव की प्राण. त्यांच्या धर्माशी माझा काही संबंध नव्हता, सुरांशी होता. पण ईस्टरच्या कार्यक्रमासाठी क्रेडो हातात पडला आणि माझी गोची झाली.

क्रेडो म्हणजे 'मी हे हे मानते' अशी चक्क ग्वाही. देव एक आहे, ठीक. बाकीचंही बरंचसं लॅटिनच्या आडोशाने मी गिळलं. पण मेलेली माणसं पुन्हा उठण्याची मी वाट बघते, ही ओळ काही केल्या घशाबाहेर येईना. मला खोटं बोलता येत नाही. सासरी माझी त्याबद्दल ख्याती आहे, आणि ती कौतुकाची नाही.

"देवश्री, आरती म्हणताना तू अर्थ बघतेस का कधी?" डिशवॉशर लावता लावता माझा नवरा उत्कर्ष म्हणाला.

"आरतीत 'मी मानते' असं कोणी वदवून घेत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग तेवढ्या ओळीला नुसते ओठ हलव ना. कोणाला कळतंय?"

मी ओठ हलवू लागले. हे उघडकीला आलं तर कॉयर सोडावा लागणार, याची मला खात्री होती. या गावात तेवढी एकच जागा होती जिथे मला कोणी डेडलाइन विचारत नसे. ती गेली असती तर मी रडले असते, अगदी भोकाड पसरून.

ईस्टरच्या आधीच्या तालमीत, कॉयर चालवणाऱ्या फ्राउ बेकरनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "या ओळीला आल्टो जातो कुठे? फक्त आल्टो, पुन्हा."

आम्ही चौघीच. आता गायचं, नाहीतर आजच राम राम ठोकायचा, असं मी ठरवलं. पियानोवर सूर लागला. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. आणि शेजारूनही काही ऐकू येईना. चौघींची तोंडं व्यवस्थित उघडत-मिटत होती आणि हॉलमध्ये चिडीचूप.

आधी आमच्यातली ऊटा हसली. तिने चर्च केव्हाच सोडलं होतं, ती फक्त गायला यायची. मोनिका म्हणाली, तिला ती ओळ लहानपणापासून पटलेली नाही. गीझेलाने मात्र शाळेत जन्मभर धर्म शिकवलेला. ती हळूच म्हणाली, "मला पटतं. पण वेर्नर गेल्यापासून इथे आवाजच निघत नाही." तिचा नवरा मागच्या हिवाळ्यात गेला होता.

मग मीही माझं सांगून टाकलं. कोणी दचकलं नाही, कोणी मला बाहेर काढलं नाही. छातीवरचा धोंडा उतरला, आणि उत्कर्षचा सल्ला ऐकल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

फ्राउ बेकरनी विचारलं, "लांबलेल्या सुरावर तुम्ही श्वास कसा घेता?"

"आळीपाळीने, म्हणजे सूर तुटत नाही," ऊटा म्हणाली.

"मग हेही तसंच करा. जिला त्या दिवशी जमेल तिने गावं. ओळ तुटू देऊ नका."

ईस्टरला चर्च भरलं होतं. ती ओळ जवळ आली तशी शेजारी गीझेलाने हातातले कागद मिटून घेतले. बाकीच्या दोघींकडे बघायलाही मी थांबले नाही. भरल्या आवाजात गायले, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मेलेलं माणूस उठतं हे मला तेव्हाही पटलेलं नव्हतं. पण वेर्नर उठावा आणि गीझेलाला परत मिळावा असं मला अगदी मनापासून वाटत होतं, आणि त्यात तिळमात्र खोटं नव्हतं.