मधल्या पायरीवरचं स्टूल

आमदार राजाराम तिर्लोटकरांना सगळं घाटकोपर ‘बाकडेवाले राजाभाऊ’ म्हणून ओळखायचं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडायचं. सोसायटीच्या गेटबाहेर, बस स्टॉपवर, जॉगिंग पार्कात, मच्छी मार्केटच्या तोंडाशी, बघाल तिथं त्यांच्या निधीतलं स्टीलचं बाकडं आणि पाठीवर ढळढळीत नाव. आता आचारसंहिता लागली म्हणून पालिकेच्या माणसांनी त्या सगळ्या नावांवर कागद चिकटवले होते. विरोधक खिदळत होते. खिदळू देत, दोनदा निवडून आलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही.

वाटत होतं ते आजच्या पदयात्रेचं. आज खाणीची टेकडी होती. यंदा सीट अडचणीत होती आणि टेकडीची मतं गेली तर वाट लागणार, हे पी.ए. विशाल रोज कानाशी घोकत होता. पण राजाभाऊंना धास्ती होती ती मतांची नाही. टेकडीच्या माथ्यावर त्यांच्या जुन्या दोस्ताचं, सहदेव परबचं घर होतं. सहदेव श्रावणात गेला. राजाभाऊंनी खाली रस्त्यावर खांदा दिला, हार घातला आणि गाडीत बसून पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. वर घरी काही गेले नाहीत. गेली पाच वर्षं गेलेच नव्हते. तो आपल्यावर राग धरूनच गेला का, एवढं एकच त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणारी एकच बाई होती, सहदेवची बायको रत्नप्रभा.

अहो, ही टेकडी म्हणजे राजाभाऊंचं सगळं लहानपण! गिरणी बंद पडली तसे वडील बिऱ्हाड घेऊन इथं येऊन पडले, शेजारी परब. नळ पायथ्याशी, बाया डोक्यावर हंडे घेऊन चढायच्या. या दोघा पोरांनी वॉर्ड ऑफिसवर हंडा मोर्चा नेला, काठ्या खाल्ल्या आणि पाणी माथ्यापर्यंत चढवलं. त्या पाण्यावर राजा आमदार झाला. सहदेवनं घसा बसेपर्यंत प्रचार केला. विधानसभेत राजा गरजला, ‘नव्या घराची चावी हातात पडल्याशिवाय एक झोपडं पाडू देणार नाही!’ तेव्हा सहदेवनं टेकडीभर पेढे वाटले. पुढं ते भाषण मऊ पडत गेलं. ‘पुनर्विकासाला विरोध नाही, पण’ अशी सुरुवात व्हायची. मग तो ‘पण’ही गळाला.

आणि नगरसेवकाचं तिकीट. सगळी टेकडी धरून चालली होती की ते सहदेवला मिळणार. राजाभाऊंनी ते एका बिल्डरच्या भाच्याला दिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत सहदेव ऑफिसात यायचा बंद झाला. रुसला, दुसरं काय! राजकारणात माणूस यायचा थांबला की तो नाराज, हे ठरलेलंच. राजाभाऊंनी रीतीप्रमाणे विशालला वर पाठवलं, कुठल्यातरी समितीवर घेतो म्हणून. सहदेवचा निरोप आला, “समिती नको. पायऱ्यांच्या मध्यावर एक बाकडं टाकायला सांग राजाला.”

राजाभाऊंच्या डोक्यात तिडीक गेली. बाकडेवाले म्हणून विरोधक चिडवतातच, आता हाही? तिकीट गेलं म्हणून टोमणा मारतो? राहू दे म्हणावं तिकडंच. त्याला गरज असेल तर तो येईल उतरून.

तर आज ढोल वाजत होता, पुढं झेंडे, मागं कार्यकर्ते, आणि मध्ये हात जोडून राजाभाऊ चढत होते. पायऱ्या उभ्या, अरुंद, एका बाजूला गटार, दुसरीकडे लोकांची दारं. अर्ध्यावर आले आणि गुडघ्यानं बंद पुकारला. छातीत धाप मावेना. टेकायला काहीतरी बघू लागले तर काही नाहीच. पायरीवर बसावं तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय, कुणाच्या दारात बसावं तर आत टीव्ही बघणारी पोरंबाळं. ते भिंतीला हात लावून उभे राहिले. “साहेब, फोटो चालू आहेत, हसा जरा,” विशाल पुटपुटला.

“इलंस काय रे राजा?”

मागून आवाज आला. रत्नप्रभा खालून चढत येत होती, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात निळं प्लॅस्टिकचं स्टूल. केस पार पांढरे झाले होते. तिनं काही न विचारता स्टूल पायरीवर टेकवलं. “बस. तोंड बघ कसं झालंय मेल्याचं.”

राजाभाऊ बसले. जिवात जीव आला. “वहिनी, हे स्टूल घेऊन कुठं?”

“ह्यांचंच आहे. हृदयाचं निघालं ना, मग दहा पायऱ्या चढले की बसायला लागायचं. पायरीवर बसले की लोक अडखळायचे, शिव्या घालायचे. म्हणून मी हे आणलं, कडेला भिंतीशी टेकवून बसायला.”

“कधी निघालं हृदयाचं?”

“तुझी ती तिकिटाची गडबड झाली ना, त्याच महिन्यात.”

राजाभाऊ एकदम म्हणाले, “मग स्टूल घेऊन खाली यायचं ना ऑफिसात!”

“मी पण तेच म्हणायची. ऐकतील तर शपथ! म्हणे, आमदाराचा दोस्त स्टूल काखेत मारून फिरतो, लोक राजाला हसतील. त्यापेक्षा मी घरात बरा.”

“तिकिटाचा राग होता ना पण?”

“राग?” ती खरंच नवलानं बघत राहिली. “दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, बरं झालं सुटलो, हे शरीर घेऊन कुठं फिरणार होतो! मग तो तुझा विशाल आला तेव्हा बाकड्याचं सांगितलं. वाट बघितली बरीच. मी म्हटलं, परत फोन करा. तर म्हणाले, कशाला? राजा एकदा वर आला की त्याचं त्यालाच कळेल, दम त्यालाही लागणारच की.”

राग असता तर किती बरं झालं असतं! राग धरलेल्या माणसाची माफी तरी मागता येते. इथं एक माणूस पाच वर्षं आपली लाज राखत घरात बसून राहिला आणि आपण त्याला रुसलेला कार्यकर्ता समजत राहिलो. राजाभाऊंना स्वतःची किळस आली.

विशालनं अर्धं ऐकलं असणार. तो कानाशी वाकला, “साहेब, माइक देतो. इथंच बाकड्याचं वचन देऊन टाका. सहदेव परबांच्या स्मरणार्थ म्हणा, टेकडी आपली झालीच.”

माइक हातात आला. राजाभाऊ उठले. चुकलो, एवढाच शब्द त्यांना बोलायचा होता. समोर माणसं दाटली होती, खिडक्यांतून मोबाइल वर झाले होते. त्यांनी तोंड उघडलं.

“माझ्या माताभगिनींनो आणि बंधूंनो,” तोंडातून आपोआप आलं, आणि मग पुढचं सगळंच आपोआप आलं. माझा जिवलग मित्र, त्याचं अधुरं स्वप्न, या राजारामचा शब्द. टाळ्या पडल्या. ढोल घुमला. कुणीतरी ओरडलं, “येऊन येऊन येणार कोण?” आणि चुकलो हा शब्द आतच राहिला.

“झालं ना भाषण?” रत्नप्रभा म्हणाली. “मग ते स्टूल दे रे इकडं. कधीची उभी आहे मी. माझे पण गुडघे गेलेत आता.”

तेव्हा कुठं राजाभाऊंनी नीट पाहिलं. ते बसले होते तेवढा सगळा वेळ ती भिंतीला हात टेकून उभी होती, भाजीची पिशवीही तशीच हातात. त्यांनी स्टूल तिच्याकडं सरकवलं. ती हुश्श करत बसली.

तिच्या पायाशी पायरीवर बसावं, असं त्यांना फार वाटलं. पण मागची गर्दी रेटत होती, विशालनं दंडाला धरलं होतं, आणि राजाभाऊ चढू लागले. थोडं वर गेल्यावर पुन्हा दम लागला. बसायला कुठंच काही नव्हतं.