डुगडुगत्या टेबलाचं एकच उत्तर

मी टेबल बोलतोय. दचकू नका, कुणी अंगात आलेलं नाही. विद्यापीठाच्या गूढविद्या अभ्यास विभागात खिडकीपाशी जे जुनं गोल टेबल दिसतं, ते मीच.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. त्या दिवशी त्याचं बायकोशी कडाक्याचं भांडण झालं होतं. त्या तिरमिरीत त्याने माझा चौथा पाय नखभर आखूड कापला. तेव्हापासून कुणी हात टेकला, की मी कलतो आणि तो पाय फरशीवर आपटतो. टक! माझी सगळी कर्तबगारी एवढीच.

पहिल्या घरी मालक माझ्यावर पत्ते खेळायचे. आखूड पायाखाली त्यांनी पुठ्ठ्याची घडी सरकवली होती, त्यामुळे मी सज्जनासारखा वागायचो. मालक वारले, साफसफाईत पुठ्ठा केरात गेला. एका दुपारी मालकीणबाईंनी माझ्यावर डोकं टेकून विचारलं, "अहो, ऐकताय ना?"

टक!

झालं! शेजारपाजार गोळा झाला. एकदा टक म्हणजे 'हो', दोनदा म्हणजे 'नाही', असं ठरलं. मला दोनदा वाजता येत नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. 'हो' ऐकायला आलेला माणूस तेवढं ऐकून खूश होऊन घरी जातो.

बाई गेल्यावर त्यांच्या पुतण्याने मला विद्यापीठाला देऊन टाकलं. अडगळही गेली आणि नावही झालं. विभागप्रमुखांनी मला हारतुऱ्यांनी आत घेतलं. त्यांना मुलं 'धुकंसर' म्हणत, कारण त्यांच्या तासाला समोरचं काही दिसेनासं व्हायचं. पहिल्याच दिवशी पॉलिश करायला आलेला सुतार म्हणाला, "साहेब, पाय नीट करून देऊ का?" धुकंसर केवढ्याने ओरडले! "हात लावू नका! डुगडुगणं हाच तर मूळ दस्तऐवज आहे!" बिचारा माझ्या पाठीला पॉलिश चोळून निघून गेला.

विभागाचा एक कडक नियम होता. "खरं की खोटं, हा प्रश्न छत्रीबरोबर दाराबाहेर ठेवायचा," असं धुकंसर बजावत. "आपण फक्त मानणाऱ्यांचा अभ्यास करतो." मुलं माना डोलवायची. परीक्षा जवळ आली, की तीच मुलं दार लोटून मला विचारायची, "पास होईन ना?" खुद्द धुकंसर एकदा आले, पोट टेकून वाकले आणि कुजबुजले, "कुलगुरूपदासाठी माझा विचार होईल का?" मी काय करणार? पोटाच्या भाराने टक झालं. सर शीळ घालत गेले. पुढे निवड दुसऱ्याचीच झाली, तेव्हा म्हणाले, "विचार झालाच असणार. टेबल निवडीबद्दल बोललंच नव्हतं."

याच विभागात एक मुलगी माझ्यावर प्रबंध लिहीत होती. शिक्षक खोकले तरी टिपून घ्यायची, म्हणून तिला सगळे 'टाचण' म्हणत. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. "भुताखेतांत पदवी घेऊन पोट भरणार आहेस का?" यावरून एका सकाळी बापलेकीत जुंपली. हाताला लागला तो डबा उचलून ती घराबाहेर पडली. दुपारी त्यांचा फोन आला, तो तिने रागाने कापला. संध्याकाळी वडील दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

तेव्हापासून वर्ग सुटला, की ती माझ्यापाशी यायची. हात टेकून विचारायची, "बाबा, रागावलात का माझ्यावर?"

टक!

रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. पोरगी वाळून चालली. माझ्या लाकडाला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, "अगं, मला दुसरं काही बोलताच येत नाही!" एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

मग विभाग दुसऱ्या इमारतीत गेला. तिथली एक फरशी वर आली होती आणि माझा आखूड पाय नेमका तिच्यावर आला. मी गप्प झालो. धुकंसरांनी ताबडतोब 'टेबलाचं मौन' या विषयावर चर्चासत्र भरवलं. देशोदेशीचे विद्वान आले, तावातावाने भांडले, जेवले आणि गेले. खाली वाकून मात्र कुणी पाहिलं नाही. टाचणला वाटलं, बाबांनी आता बोलणंच टाकलं.

तिच्या तोंडी परीक्षेला आई मागच्या खुर्चीत येऊन बसली होती. बाहेरचे परीक्षक डोळ्यांनी अधू होते. माझ्यावरची पाटी वाचायला त्यांनी मला खिडकीकडे ओढलं आणि कोपर टेकलं.

टक!

"मौन सुटलं!" धुकंसर खुर्चीतून उठलेच. टाचण मात्र गुडघ्यांवर बसली. तिने खाली पाहिलं, मला जुन्या जागी ढकललं, हात टेकला. मी गप्प. पुन्हा ओढलं. टक! ती उभी राहिली. तिने पुन्हा हात टेकला.

"बाबा, रागावलात का?"

टक!

"बाबा, खूश आहात का?"

टक!

"बाबा, तुम्ही हत्ती आहात का?"

टक!

सगळे हसले. तीही हसली आणि हसता हसता हमसून रडू लागली.

आई उठून जवळ आली. "या लाकडाला काय विचारतेस बाई? मला विचारायचंस ना! त्या दिवशी तुमचे डबे बदलले होते. तुझा डबा ते घेऊन गेले होते आणि तुझ्याकडे त्यांची कारल्याची भाजी, जिला तू हात लावत नाहीस. दुकानातून मला फोन करून म्हणाले, पोरगी फोन उचलत नाहीये, उपाशी राहिली असेल, तिला काहीतरी खायला सांग."

"मग तू सांगितलं का नाहीस गं?"

"तू कधी विचारलंस?"

धुकंसरांनी तेवढ्यात घसा खाकरून नोंदवलं, की उमेदवाराने खऱ्याखोट्याचा प्रश्न उपस्थित केला आहे, सबब प्रबंधात दुरुस्त्या कराव्यात.

जाताना टाचणने विभागाच्या माहितीपत्रकाची घडी करून माझ्या आखूड पायाखाली सरकवली आणि आईचा हात धरून ती बाहेर पडली. दुसऱ्याच दिवशी सरांनी ती घडी काढली. मी आता खिडकीपाशीच असतो आणि पूर्ववत वाजतो. नव्या वर्षाची मुलं दाराशी घुटमळू लागली आहेत.

बाबांनो, हात जोडून सांगितलं असतं, पण मला नुसते पायच आहेत. ज्याला विचारायचं तो जिवंत असेल, तर त्याच्याकडेच जा. नसेल, तर त्याच्याबरोबर जेवलेलं माणूस शोधा. माझ्याकडे येऊ नका. माणूस रागावला होता का, असं विचाराल, तर मी पुन्हा 'हो' म्हणेन.